विमान आकाशात, कान जमिनीवर

हौशी रेडिओ म्हणजे धंद्यासाठी किंवा पगारासाठी न चालवता केवळ बिनतारी विद्येच्या ओढीने चालवलेले, सरकारी परवाना असलेले खासगी केंद्र. ते चालवणाऱ्याला जगभर ‘हॅम’ म्हणतात. प्रत्येक हॅमला स्वतःची ओळखखूण, म्हणजे कॉल साइन मिळते. भारतातल्या हॅमची कॉल साइन ‘व्हीयू’ने सुरू होते. संच कित्येकदा घरीच जोडलेला, एरियल गच्चीवर किंवा दोन झाडांमध्ये ताणलेले आणि वेळ बहुधा रात्रीची. अशा माणसाचा आणि महासागर किंवा ध्रुवप्रदेश ओलांडणाऱ्या वैमानिकाचा वरवर पाहता काही संबंध दिसत नाही. पण लांब पल्ल्याच्या साहसी उड्डाणांचा इतिहास चाळला, तर हे दोघे पुन्हापुन्हा एकमेकांना भेटताना दिसतात.

या भेटीचे मूळ लघुलहरींत, म्हणजे शॉर्टवेव्हमध्ये आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तज्ज्ञांची ठाम समजूत होती की, तरंगलांबी जितकी मोठी तितका संदेश दूर जातो. मोठ्या कंपन्या आणि आरमारे हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरत. अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या लहरींवर ढकलले. त्या लहरी कोणाच्याच कामाच्या नाहीत, असे तेव्हा मानले जाई. हौशींनी मात्र त्याच लहरींवर दूरची केंद्रे गाठायला सुरुवात केली. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकी हौशींचे संदेश स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर ऐकू आले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लिऑं देलुआ आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संभाषण झाले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडरने न्यूझीलंडमधल्या फ्रँक बेलशी संपर्क साधला. एका शाळकरी मुलाचा संदेश पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला पोहोचला होता.

हे घडते कसे? जमिनीपासून सुमारे ६० किलोमीटर उंचीच्या वर सूर्याच्या अतिनील किरणांमुळे हवेतले अणू विद्युतभारित होतात. हा थर म्हणजे आयनांबर. लघुलहरी तिरप्या वर जातात, आयनांबरात वाकतात आणि शेकडो किंवा हजारो किलोमीटर पलीकडे पुन्हा जमिनीवर उतरतात. कॅरमची सोंगटी कडेवर आपटून तिसऱ्याच कोपऱ्यात जावी, तशी ही गत. इथेच एक विचित्र गोष्ट घडते. केंद्राच्या अगदी जवळ जमिनीलगतची लहर पोहोचते आणि खूप दूर आकाशातून परतलेली लहर पोहोचते. मधल्या पट्ट्यात मात्र दोन्हीही नसतात. या मुक्या पट्ट्यातल्या माणसाला शेजारचा ऐकू येत नाही, परदेशातला येतो. पट्ट्याची रुंदी तरंगलांबी, ऋतू आणि दिवसाची वेळ यांनुसार बदलते. पुढे येणाऱ्या एका घटनेत नऊ माणसांच्या भवितव्याचा या मुक्या पट्ट्याशी थेट संबंध होता.

विमानाच्या दृष्टीने लघुलहरींचा मोठा फायदा वजनाचा. लांब लहरींचा संच अवजड, त्याला लागणारे एरियलही तसेच. महासागर ओलांडायला निघालेले विमान आधीच पेट्रोलने काठोकाठ भरलेले असे आणि संचाचे वजन वाढले की तेवढे इंधन कमी. लघुलहरींचा संच हलका, कमी शक्तीवर चालणारा आणि दूर पोहोचणारा होता. वीज वाऱ्यातून मिळे: विमानाबाहेर एक छोटा पंखा बसवत, उड्डाणाच्या वाऱ्याने तो फिरे आणि जनित्र चाले. एरियल म्हणजे टोकाला वजन बांधलेली तार. विमान वर चढले की, रिळावरून ती खाली सोडायची आणि उतरण्यापूर्वी गुंडाळून घ्यायची. या रचनेतला धोका उघड आहे. विमान थांबले की पंखा थांबला, पंखा थांबला की वीज गेली आणि तार तुटली की संच असून नसल्यासारखा.

ऑगस्ट १९२७ मधली डोल शर्यत या धोक्याचे पहिले मोठे प्रात्यक्षिक ठरली. हवाईतले अननसाचे बडे व्यापारी जेम्स डोल यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडहून होनोलुलूला उडत येणाऱ्यांसाठी बक्षिसे लावली होती. १६ ऑगस्टला विमाने निघाली. दोनच पोहोचली आणि दोन प्रशांत महासागरावर नाहीशी झाली. त्यांच्या शोधासाठी १९ ऑगस्टला ‘डॅलस स्पिरिट’ हे विमान निघाले. विल्यम एरविन आणि आल्विन आइखवाल्ट हे दोघे त्यात होते. सॅन फ्रान्सिस्कोतल्या राल्फ हाइन्ट्झ यांनी त्यात लघुलहरींचा संच बसवला होता. हाइन्ट्झ हे हौशी रेडिओतून पुढे येऊन कारखानदार झालेले तंत्रज्ञ. विमानाचे संदेश किनाऱ्यावर तासन्‌तास स्पष्ट ऐकू येत होते. रात्री अचानक संदेश आला की, विमान गिरक्या घेत खाली चालले आहे. थोड्या वेळाने सावरल्याचा संदेश आला. मग पुन्हा गिरकी आणि त्यानंतर काहीच नाही. जनित्र वाऱ्यावर चालत असल्याने विमानाचा वेग वाढला की संदेशाचा सूर चढत असे. शेवटच्या क्षणांतही तो चढत गेला. अक्षरे थांबण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या माणसांनी विमानाचे कोसळणे सुराच्या रूपाने ऐकले होते. वाचवणे शक्य नव्हते, पण समुद्रात बेपत्ता झालेल्या विमानाचे शेवटी काय झाले, हे जमिनीवर कळले.

याच हाइन्ट्झ यांच्या कंपनीचे संच पुढच्या वर्षी ‘सदर्न क्रॉस’वर बसले. चार्ल्स किंग्सफोर्ड स्मिथ आणि चार्ल्स उल्म हे ऑस्ट्रेलियन वैमानिक, हॅरी लायन दिशादर्शक आणि जेम्स वॉर्नर रेडिओवर. ३१ मे १९२८ रोजी ओकलंडहून निघालेले हे तीन इंजिनांचे फॉकर विमान हवाई आणि फिजीतल्या सुव्हामार्गे ९ जूनला ब्रिस्बेनला उतरले. प्रशांत महासागर विमानाने ओलांडण्याची ती पहिली वेळ. हवाई ते सुव्हा हा सुमारे ५,००० किलोमीटरचा टप्पा सलग साडेचौतीस तासांचा होता. इंजिनांच्या गोंगाटात आतली माणसे एकमेकांशी चिठ्ठ्यांनी बोलत. वॉर्नरची कडकट्ट मात्र हजारो मैलांवर स्पष्ट ऐकू येत होती.

‘सदर्न क्रॉस’ हवाईत पोहोचले, त्याच सुमारास उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फावर दुसरे नाट्य चालू होते. हौशी रेडिओचे मोल सांगायला एकच प्रसंग निवडायचा झाला, तर हाच निवडावा लागेल. उंबेर्तो नोबिले यांच्या नेतृत्वाखालील ‘इतालिया’ हे वायुजहाज २४ मे १९२८ रोजी ध्रुवावर जाऊन परतीला लागले. २५ मेच्या सकाळी ते स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या ईशान्येला बर्फावर आदळले. जहाजावर सोळा जण होते. धडकेत खालची खोली फुटून दहा जण बर्फावर फेकले गेले. त्यांतला एक लगेच दगावला. हलका झालेला फुगा उरलेल्या सहा जणांना घेऊन वर उडाला आणि त्यांचा पुढे कधीच पत्ता लागला नाही. नोबिले यांचा हात आणि पाय मोडला होता. बर्फावर विखुरलेल्या सामानात एक तंबू सापडला. वरून दिसावा म्हणून तो लाल रंगाने रंगवला गेला. इतिहासात हा तळ ‘लाल तंबू’ म्हणूनच ओळखला जातो. आणि सापडला ‘ओंदिना ३३’ नावाचा लघुलहरींचा लहानसा आणीबाणीचा संच.

रेडिओचालक ज्युसेप्पे ब्याजी यांना मोठी इजा झाली नव्हती. त्यांनी मोडक्या सांगाड्यातल्या नळ्या उभ्या करून खांब केला, त्यावर तार ताणली आणि मोर्समध्ये पुकारा सुरू केला. मोहिमेचे साहाय्यक जहाज ‘चित्ता दी मिलानो’ किंग्ज बे इथे, सुमारे ४०० किलोमीटरवर नांगरलेले होते. ब्याजी यांना रोमचे बातमीपत्र ऐकू येत होते, जहाजावरून जाणाऱ्या ताराही ऐकू येत होत्या. त्यांचा पुकारा मात्र जहाजाला ऐकू जात नव्हता. दिवसामागून दिवस गेले. बॅटरी संपत आल्यास पुढे काय, हा प्रश्न होताच. ३० मे रोजी तिघे जण मदत शोधायला पायी निघाले. त्यांतले स्वीडिश शास्त्रज्ञ फिन माल्मग्रेन वाटेतच मरण पावले. जहाजावर पुरेसे लक्ष देऊन ऐकले गेले नाही, अशी टीका नंतर झाली आणि ती अगदीच गैर नव्हती. पण भौतिकशास्त्राचाही त्यात हात होता. सुमारे ३२ मीटर तरंगलांबीच्या लहरींसाठी ४०० किलोमीटर हे अंतर मुक्या पट्ट्यात सहज पडू शकते.

आणि त्याच नियमाने तो पुकारा दूर कुठेतरी उतरत होता. अडीच हजार किलोमीटरवर, सोव्हिएत रशियातल्या वोझनेसेन्ये-वोख्मा या आडगावात निकोलाय श्मिट नावाचा बाविशीच्या आसपासचा तरुण राहत होता. एकाच व्हॉल्व्हचा रेडिओ त्याने स्वतः जोडला होता. ३ जून १९२८ रोजी त्याच्या हेडफोनमध्ये क्षीण मोर्स आली. ‘इतालिया’, ‘नोबिले’, ‘एसओएस’ एवढे त्याला लागले. बाकीची अक्षरे तुटक होती. तंबूजवळच्या फॉइन बेटाचे नाव त्याच्याकडे असे काही पोहोचले की, ते फ्रान्झ योसेफ बेटांचे नाव असावे असा समज झाला. जागा चुकली, पण माणसे जिवंत आहेत हे जगाला कळले. श्मिटने मॉस्कोच्या रेडिओप्रेमींच्या संघटनेला तार केली. काही दिवसांतच ब्याजी यांनी रोमच्या बातमीपत्रात ऐकले की, एका रशियन हौशीने आपला पुकारा पकडला आहे. मग जहाजावरूनही नेमके लक्ष दिले गेले आणि दुतर्फा संपर्क जुळला.

पुढची सुटका सोपी नव्हती. एका स्वीडिश वैमानिकाने जूनच्या अखेरीस नोबिले यांना आधी बाहेर काढले. दक्षिण ध्रुवावर पहिले पाऊल ठेवणारे रोआल्ड आमुंडसेन नोबिले यांच्या शोधात १८ जूनला विमानाने निघाले आणि सहकाऱ्यांसह कायमचे हरवले. १२ जुलैला ‘क्रासिन’ या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने तंबूतल्या उरलेल्या पाच जणांना उचलले. पायी निघालेल्यांतले उरलेले दोघे धरून सोळांपैकी आठ जण वाचले. श्मिटचा गौरव झाला. पण स्टालिनच्या काळात त्याला अटक झाली आणि १९४२ मध्ये देहदंड दिला गेला. आठ जणांचा जीव वाचण्याची सुरुवात ज्याच्या कानापासून झाली, त्याचा असा शेवट व्हावा, ही या हकिकतीची सर्वांत जड बाजू आहे.

संच असला तरी तार नसेल तर काय होते, ते पुढच्याच वर्षी दिसले. मार्च १९२९ च्या अखेरीस ‘सदर्न क्रॉस’ ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडे निघाले असताना त्याची लोंबती एरियल तार गमावली गेली. खराब हवेत वाट चुकून विमान चिखलाच्या सपाट जागी उतरले. विमान धड, माणसे सुखरूप, संचही जागेवर; पण जमिनीवर वारा-पंख्याची वीज नाही. चाक हाताने फिरवून जनित्र चालवण्याचा खटाटोपही करून पाहिला गेला. १२ एप्रिलला शोध लागला. त्यांना शोधायला निघालेल्या ‘कूकाबरा’ विमानातले कीथ अँडरसन आणि बॉब हिचकॉक मात्र तनामी वाळवंटात उतरून तहानेने मेले. त्यांच्याजवळ रेडिओ नव्हता.

अमेलिया एअरहार्ट यांच्या १९३७ च्या पृथ्वीप्रदक्षिणेतही तारेचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. जूनच्या मध्यात त्यांचे लॉकहीड इलेक्ट्रा विमान कराची आणि कोलकात्याला थांबून पूर्वेकडे गेले. लोंबती तार मायामीतच काढून टाकली होती. एअरहार्ट आणि दिशादर्शक फ्रेड नूनन या दोघांचाही मोर्सचा सराव जेमतेम होता. रेडिओत मुरलेले हॅरी मॅनिंग मोहीम आधीच सोडून गेले होते. २ जुलैला न्यू गिनीतल्या लेहून सुमारे ४,१०० किलोमीटरवरच्या हाउलँड या इवल्या बेटाकडे त्या निघाल्या. बेटाजवळ उभ्या असलेल्या ‘इटास्का’ जहाजावर त्यांचा आवाज मोठ्याने येत होता. त्यांना मात्र जहाजाचे बोलणे ऐकू येत नव्हते आणि विमान कोणत्या दिशेला आहे, हे कोणालाच ठरवता आले नाही. विमान हरवल्यावर अमेरिकेतल्या अनेक हौशी श्रोत्यांनी त्यांचा आवाज ऐकल्याचे सांगितले. त्यांतले काही दावे आजही अभ्यासक तपासतात. पण शोधाची दिशा ठरवणारा एकही दावा सिद्ध झालेला नाही. हौशी श्रोत्यांची ही उणी बाजूही नोंदवायला हवी. हजारो कान एकाच पुकाऱ्याची वाट पाहत असले की, काही कानांना तो नसतानाही ऐकू येतो. म्हणूनच जाणते हॅम ऐकलेल्या प्रत्येक गोष्टीची वेळ, कंप्रता आणि कॉल साइन तिथल्या तिथे वहीत उतरवतात. श्मिटने अक्षरे जशी आली तशी लिहून घेतली, म्हणून त्यांचा अर्थ दुसऱ्यांना पडताळता आला.

भारतातली नागरी विमानसेवा याच काळातली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून पस मॉथ विमानाने जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा त्यांच्याजवळ रेडिओ नव्हता आणि जमिनीवर वाट दाखवणारी कसलीही सोय नव्हती. पुढे विमान आणि हौशी रेडिओ या दोन्ही विद्या एकाच माणसात एकत्र आल्याचे ठळक भारतीय उदाहरण राजीव गांधींचे. इंडियन एअरलाइन्समध्ये वैमानिक असलेले राजीव गांधी ‘व्हीयू२आरजी’ या कॉल साइनचे हॅमही होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांचा रेडिओ पूर्णपणे व्यावसायिकांच्या हाती गेला. उड्डाण नियंत्रणासाठी अतिउच्च कंप्रता, म्हणजे व्हीएचएफ वापरली जाते. ती प्रकाशासारखी जवळपास सरळ रेषेत जाते, म्हणून क्षितिजापलीकडे पोहोचत नाही. ३,००० मीटर उंचीवरच्या विमानाला ती साधारण २२५ किलोमीटरपर्यंतच साथ देते. लहान विमान घेऊन महासागर ओलांडणाऱ्याला त्यापुढे लघुलहरी किंवा उपग्रह यांचाच आधार. इथे हौशी रेडिओला कायद्याच्या मर्यादा आहेत. हौशी पट्ट्यांवर व्यापारी कामाचा संदेश पाठवता येत नाही आणि विमानाच्या अधिकृत संचाची जागाही हॅमचा संच घेऊ शकत नाही. अमेरिकी नियमांनुसार विमानात हौशी संच चालवायला मुख्य वैमानिकाची परवानगी लागते आणि तो संच विमानाच्या यंत्रणेपासून वेगळा ठेवावा लागतो. असा हॅम आपल्या कॉल साइनपुढे ‘एरोनॉटिकल मोबाइल’ असे जोडतो. जीव धोक्यात असेल, तर मात्र हाताशी असलेले कोणतेही साधन वापरून मदत मागता येते.

अलीकडे हौशी रेडिओने आपले स्वतःचेच दूरचे उड्डाण सुरू केले आहे. त्याला पिको बलून म्हणतात. वाढदिवसाच्या फुग्यासारखा दिसणारा, न ताणणाऱ्या प्लास्टिकचा फुगा. त्याखाली नखाएवढे सौर पट्टे, स्थान सांगणारी जीपीएस चकती आणि प्रेषक. सगळा संच मिळून दहा-पंधरा ग्रॅमचा, म्हणजे दोन-तीन नाण्यांच्या वजनाचा. केसासारखी बारीक तार हे एरियल. फुगा सुमारे १२ किलोमीटर उंचीवर तरंगतो आणि वारा नेईल तिकडे जातो. वजन वाचवण्यासाठी बॅटरी बहुधा नसतेच. सूर्य मावळला की संच मरतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडले की पुन्हा जागा होतो. कालचा फुगा आज कुठल्या देशावर उगवेल, याची वाट पाहत माणसे संगणकासमोर बसलेली असतात. जुलै २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या लिओ बोडनार यांनी सोडलेल्या ‘बी-६४’ने तीन आठवड्यांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि तो पुढेही फिरत राहिला.

इतक्या क्षीण प्रेषकाचा आवाज समुद्रापार ऐकू येण्याचे श्रेय ‘व्हिस्पर’ या पद्धतीला जाते. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे जो टेलर हे जुने हॅम. त्यांनी ती २००८ मध्ये आणली. नावाप्रमाणे ती कुजबुज आहे. कॉल साइन, स्थान आणि शक्ती एवढाच मजकूर. पण तो सांगायला जवळजवळ १११ सेकंद घेतले जातात. चार अगदी जवळजवळचे सूर ठरलेल्या क्रमाने १६२ वेळा वाजतात. माणसाच्या कानाला फक्त खरखर ऐकू येते, संगणक मात्र त्या खरखरीतून अक्षरे वेचतो. टॉर्चच्या छोट्या दिव्याच्याही अंशाएवढ्या शक्तीवर, दहा-वीस मिलिवॉटवर, हजारो किलोमीटर गाठले जातात.

स्थान सांगण्याची रीतही काटकसरीची. पृथ्वीचे दोन अंश रेखांश गुणिले एक अंश अक्षांश असे चौकोन पाडले आहेत आणि प्रत्येकाला चार अक्षर-अंकांचे नाव आहे. त्यात कुलाबा आणि पुणे हे दोन्ही ‘एमके६८’ मध्ये येतात, तर १९ अंशांची रेषा मुंबईतूनच जात असल्याने बोरिवली ‘एमके६९’ मध्ये. एवढ्या ढोबळ पत्त्यावर फुगा शोधता येत नाही, म्हणून दुसऱ्या संदेशात बारीक चौकोन, उंची आणि तापमान सांकेतिक रूपात भरतात.

व्हिस्परच्या साठलेल्या नोंदींवरून २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच३७० विमानाचा मार्ग काढता येतो, असाही दावा झाला आहे. खुद्द टेलर यांना तो मान्य नाही. ज्याने पद्धत घडवली त्याचेच इथे ऐकलेले बरे.

या फुग्यांच्याही आकाशात सीमा आहेत. ब्रिटनने हवेतून हौशी प्रक्षेपणाला दीर्घकाळ मनाई केली होती, म्हणून अनेक संचांत अशा प्रदेशांचे नकाशेच भरलेले असतात: तिथे पोहोचताच प्रेषक आपोआप गप्प होतो आणि बाहेर पडल्यावर बोलू लागतो. अमेरिकेतल्या इलिनॉयमधल्या हौशी गटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सोडलेला ‘के९वायओ’ हा फुगा पृथ्वीला फेऱ्या घालत फेब्रुवारी २०२३ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर शेवटचा ऐकू आला. दुसऱ्याच दिवशी, ११ फेब्रुवारीला, शेजारच्या कॅनडातल्या युकॉनवर अमेरिकी एफ-२२ विमानाने एक अनोळखी वस्तू क्षेपणास्त्राने पाडली. ती हाच फुगा असावा, असा तर्क अनेकांनी केला. अवशेष मिळाले नाहीत. गटाने आपला फुगा बेपत्ता असल्याचे जाहीर केले आणि त्यापलीकडे काही दावा केला नाही.